कॅल्शियमची बाटली

माझ्या सुनेच्या गोळ्या मी चोरून खाल्ल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की म्हातारी स्वतःची बाजू सावरून बोलतेय.

कारण काय, तर गुडघे. पस्तीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारल्यावर गुडघ्यांनी तक्रार केली तर त्यांचं काही चुकत नाही. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. नवे कपडे मी शिवत नाही. आखूड करायच्या विजारी, बिघडलेल्या चेनी, कोटांची फाटलेली अस्तरं आणि तुटलेली बटणं, एवढ्यावर माझं भागतं. त्यातही बटणं म्हणजे माझा हातखंडा. कोटाचं एक बटण हरवलेलं गिऱ्हाईक आलं, की मी उरलेल्या बटणांकडे एकदा बघते, डब्यात हात घालते आणि जोडीचं बटण काढून देते. तेही चष्मा न लावता. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. तिने माझे डोळे तपासून घेऊन एक छान चष्मा करून आणला होता. तो मी मशीनच्या खणात ठेवून दिला. "आई, चष्मा लावा," असं ती दिवसातून दोनदा म्हणायची आणि माझी नजर शाबूत आहे, असं मी तिला दोनदा ऐकवायचे.

मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामावर, दुसऱ्या शहरात. रविवारपुरता घरी येतो. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. ती बोलायला कमी आणि वेळेला पक्की. सकाळचे आठ वाजले, की हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात जायची, ओट्यावरच्या फळीवरची पांढरी बाटली उघडायची, गोळी तळहातावर, तिथून तोंडात, वर घोटभर पाणी. माझ्याकडे पाठ करून. सगळं मिळून पाच सेकंद. मी तिला घड्याळबाई म्हणायचे. बाटलीवर लिहिलं होतं, कॅल्शियम. लग्न होऊन आल्यापासून अडीच वर्षं हा नेम चालला होता. सत्तावीस वर्षांच्या पोरीची हाडं आत्तापासून कशाने ठिसूळ झाली, असं मला वाटायचं खरं, पण मी विचारलं नाही. पुढे तिला दिवस गेले, मग तर विचारायचा प्रश्नच उरला नाही.

तिला सातवा लागला त्या सुमाराला माझे गुडघे फारच बोलायला लागले. शेजारीण म्हणाली, या वयात कॅल्शियम घ्यावं. घरात बाटली आहे, सून कामावर गेलेली आहे, फळीपर्यंत माझा हात पोचतो. एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी गुडघा हलका वाटला. खरंच वाटला, उगाच सांगत नाही. मग रोज एक. दहा दिवसांत मी गल्लीच्या टोकापर्यंत न थांबता चालत गेले आणि शेजारणीला ते दाखवूनही दिलं.

एका रविवारी सून ताटात गोळ्या ओतून मोजत बसली. मी दुकानात विजारीला टीप घालत होते, मधलं दार उघडं होतं. "कमी आहेत," ती नवऱ्याला म्हणाली, "मी साठ मोजून भरल्या होत्या." तो म्हणाला, "मोजताना चुकली असशील." सासू सुनेचं औषध चोरते, असं कळलं तर तोंड कुठे लपवायचं?

सोमवारी मी औषधाच्या दुकानात गेले आणि कॅल्शियमच्या गोळ्या मागितल्या, पांढऱ्या, लांबट. त्याने तीन-चार प्रकार काढून ठेवले. मी जसं बटण जुळवते तसं नजरेनेच जुळवलं. घरी येऊन दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून बघितल्या. सुनेच्या गोळीवर बारीक अक्षरं उठवलेली होती, माझ्या गोळीवर मधोमध एक रेघ होती. बोटाला ते जाणवलंही. पण रंग तोच, लांबी तीच, दोन्ही टोकं तशीच गोल. कोटाला लावली असती तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. जेवढ्या खाल्ल्या होत्या तेवढ्या मी बाटलीत टाकल्या. पुढच्या रविवारी तिने पुन्हा मोजल्या, हिशेब बरोबर आला आणि ती स्वतःशीच हसली. मीही मनात हसले.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण दुकानातल्या गोळीने माझ्या गुडघ्याला फरक पडेना. मुलगा बायकोसाठी कुठून तरी भारीतलं कॅल्शियम आणतो आणि आईच्या गुडघ्याची त्याला आठवणही येत नाही, असा एक किडा डोक्यात वळवळायला लागला. मग मी अदलाबदलच सुरू केली. बाटलीतली अक्षरवाली गोळी मला, माझी रेघवाली बाटलीत. रोज एक. पोटुशी बाई आहे, तिला काय, कॅल्शियम मिळाल्याशी मतलब. महिनाभर हे चाललं.

त्या दिवशी तिची दवाखान्यात तारीख होती. दुपारी बारापर्यंत येते म्हणाली होती, दोन वाजले तरी पत्ता नाही. घड्याळबाईला उशीर म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला कळत होतं. अडीचला आली. चप्पल न काढता थेट आत गेली, बाटली घेऊन बाहेर आली आणि माझ्या कापड बेतायच्या टेबलावर तिने ती उपडी केली. घरातला सगळ्यात चांगला दिवा त्या टेबलावर आहे. खडू, कात्री आणि चिंध्या कोपराने बाजूला सारून ती माझ्या पट्टीने एकेक गोळी सरकवायला लागली. एक डावीकडे, एक उजवीकडे. डावा ढीग लहान झाला, उजवा मोठा.

"आई, ह्या गोळ्या कुणी टाकल्या?"

"कुठल्या?"

"ह्या. रेघवाल्या. ह्या माझ्या नाहीत."

मला हसू आलं. चोरी पकडली गेली की माणूस हसतो तसं. "अगं, इथूनतिथून कॅल्शियमच ना! तुझ्यातल्या मला मानवतात, म्हणून मी घेत होते. बदल्यात तेवढ्याच ठेवत होते. बुडवलं नाही तुझं काही."

ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाला धरून खालीच बसली. आठ महिन्यांचं पोट घेऊन फरशीवर. मी उठवायला गेले तर तिने हात वर केला.

"किती दिवस?"

"झाला असेल महिना-सव्वा महिना. असं काय करतेस?"

"आई, मला एचआयव्ही आहे. त्या गोळ्या त्याच्या आहेत."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन जागच्या जागी होती. फक्त मशीन, टेबल, भिंतीवर टांगलेले लोकांचे कोट, सगळं एकदम लांब गेलं. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणाले, "हे कुठून आणलंस तू?"

"आईच्या पोटातून," ती म्हणाली.

मग ती खाली मान घालून बोलत राहिली. अडीच वर्षांत एवढं सलग ती कधी बोलली नव्हती. तिच्या आईला दिवस होते तेव्हा तिचं रक्त कुणी तपासलंच नाही. ही चार वर्षांची असताना आई गेली. मावशीने हिला वाढवलं, आणि गोळ्यांनी जगवलं. इतकी वर्षं औषध नेमाने घेतल्यामुळे तिच्या रक्तात विषाणू शोधूनही सापडत नव्हता, आणि असं असलं की तो नवऱ्याला लागत नाही आणि बाळालाही सहसा जात नाही. आज रिपोर्ट आला होता. विषाणू परत आला होता, हजारांनी. डॉक्टरांनी दहा वेळा विचारलं, गोळी चुकवलीस का? ही शपथेवर सांगत राहिली, एकही दिवस नाही. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, बाटली घेऊन ये.

"माझ्या आईकडे ही गोळी नव्हती," ती म्हणाली. "माझ्याकडे होती. मी एक दिवस चुकवला नाही, आई. एक दिवस नाही. आणि आता सहा आठवडे राहिलेत."

"आणि माझा मुलगा?"

"त्यांना काही नाही. लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं मी. ते नियमाने तपासून घेतात."

"मग मला का नाही सांगितलं? मला काय परकं..."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "लग्नानंतर पंधरा दिवसांत दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवरच्या ताई कोट आखूड करायचं माप द्यायला आल्या होत्या. आठवतं? त्या गेल्यावर तुम्ही मापाची टेप फिनेलच्या बादलीत बुडवलीत. म्हणालात, ती रोज त्या रोगाच्या खिडकीवर जाते, असल्या लोकांनी घरात बसावं. त्या संध्याकाळी मी कामावरून येताना कॅल्शियमची बाटली विकत घेतली. आतलं टाकून दिलं आणि माझ्या गोळ्या त्यात भरल्या."

आठवत होतं. टेप आखडली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी नवी आणली होती.

तिने डाव्या ढिगातली एक अक्षरवाली गोळी उचलली, पाणी मागितलं नाही, तशीच गिळली.

मुलाला तिनेच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तो म्हणाला, "आई, तू आता फक्त तिच्या गोळीचं घड्याळ बघ," आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळभर मी तीनदा हात धुतले आणि चारदा गुळण्या केल्या. त्या रोगाच्या गोळ्या महिनाभर माझ्या पोटात गेल्या होत्या. म्हणजे आता मलाही? जीभ आरशात बघितली. घसा दुखतोय असं वाटलं, मग नाही वाटलं, मग पुन्हा वाटलं. ज्या पेल्यातून ती पाणी पीत होती त्याच पेल्यातून मी पीत होते. टॉवेल एक. साबण एक. सकाळी तिने दोघींचा चहा केला, तर मी माझा कप बोटाच्या टोकाने ओढून घेतला आणि तसाच मोरीत ओतला. तिने बघितलं. कपाटातून एक कप काढून तिने स्वतःसाठी वेगळा ठेवला, आणि माझ्या मनात, देवाशपथ सांगते, बरं झालं असं आलं. त्या घरात बाळाला ज्याच्यापासून धोका होता असं एकच माणूस होतं आणि ते कप टाळत बसलं होतं.

"तुम्हालाही बोलावलंय डॉक्टरांनी," ती म्हणाली. "गोळ्या खाल्ल्यात म्हणून."

मी डोक्यावरून नाकापर्यंत पदर ओढला आणि गेले. बाक लांब होता, भिंतीला हिरवा रंग, पंखा आवाज करत होता. बाकावर माझ्या दुकानात येणाऱ्या माणसांसारखीच माणसं बसली होती. मला कुणी बघितलं तर काय म्हणतील, एवढंच डोक्यात घोळत होतं. सून शेजारी बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून.

डॉक्टरांनी आधी माझं रक्त घेतलं, मूत्रपिंडं आणि यकृत तपासायला. मी रडतरडत विचारलं, "मला झाला का हो हा रोग?" त्यांना हसू आवरेना. "गोळी खाऊन कुणाला होत नाही. उलट होऊ नये म्हणूनही काही लोकांना आम्ही अशीच औषधं देतो. तुम्ही धडधाकट आहात. तुमची काळजी नाही मला." मग त्यांचं हसू गेलं. "काळजी हिची आहे. अर्धवट औषध मिळालं की विषाणू वाढतो, आणि कधीकधी त्या औषधालाच दाद देईनासा होतो. तो दाद देतोय की नाही हे आज सांगता येणार नाही. पुन्हा नेमाने गोळी, आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी."

"आणि तोवर बाळ आलं तर?"

"तर त्या वेळी बघू."

शेवटी त्या म्हणाल्या, गरोदर बाईला कॅल्शियम हवंच, पण ते ह्या गोळीबरोबर घेतलं तर गोळीला अंगात शिरू देत नाही, म्हणून दोन्हींच्या वेळा लांब लांब ठेवा. म्हणजे मी बाटलीत जे भरलं होतं ते एरवीही तिच्या वाईटावरच होतं.

मग औषधाच्या खिडकीवर गेलो. आत त्याच ताई बसल्या होत्या, कोटवाल्या. गोळ्या देणं आणि लोकांना समजावणं हेच त्यांचं काम. मला ओळखून त्या उठल्या, आम्हाला आत बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागल्या. हा विषाणू रक्तातून जातो, एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर जातो, शरीरसंबंधातून जातो, आणि पोटात असताना, जन्मताना किंवा दुधातून आईकडून बाळाला जातो. निरोध वापरला, वेळेवर तपासलं, औषध पाळलं, तर अडवता येतो. "कपातून जात नाही," त्या म्हणाल्या. "ताटातून, टॉवेलातून, शिंकेतून नाही. आणि मापाच्या टेपमधून तर नाहीच."

मी मान वर केली नाही.

"त्या दिवशी मी छत्री विसरले होते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "घ्यायला परत आले होते." एवढंच. मग त्यांनी नवी बाटली पुढे सरकवली. त्यांना स्वतःला काही आहे की नाही, मला आजतागायत माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्कही नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सून माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. खणातून चष्मा काढून तिने माझ्यापुढे धरला. मग तळहात उघडला. "वाचा."

मी चष्मा लावला. गोळीवरची अक्षरं इतकी स्पष्ट होती, की मी ती इतके दिवस वाचलीच नव्हती ह्यावर कोर्टात कुणी विश्वास ठेवला नसता. मी एकेक अक्षर आणि आकडा वाचला. तिने ते बाटलीवरच्या कागदाशी ताडून बघितलं आणि मग गिळली. रोज हेच. बाटली ती पिशवीत घेऊन कामावर जायची, झोपताना उशीखाली ठेवायची. "वाचा" सोडून दुसरा शब्द माझ्याशी बोलत नव्हती. शिक्षा होती, मी निमूट भोगत होते. पाच-सहा दिवसांनी मी तिचा वेगळा कप फळीवरून उचलला आणि त्यातच माझा चहा ओतून घेतला. तिने बघितलं आणि ती कामाला गेली. असल्या नाटकाने काही भरून येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

भीती म्हणजे काय हे मला त्या चार आठवड्यांत कळलं. दिवसा टीप घालताना डोळ्यांसमोर तिचं पोट. आत ते लेकरू पाय झाडतंय, आणि त्याच्या आजूबाजूच्या रक्तात मी सोडलेलं ते काहीतरी फिरतंय. गोळी त्याला दाद देईनाशी झाली असेल तर? रोज सकाळी मी जे वाचते आणि ती जे गिळते ते खडूइतकंच निकामी असेल तर? एका कोटाला मी उलटं अस्तर लावलं. एका विजारीचा एकच पाय आखूड केला. गिऱ्हाइकं हसली, म्हणाली, आजीबाई होणार म्हणून आनंदाने हरखलात.

सोमवारी तिचं रक्त घेतलं. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. बुधवारी सकाळी ती दुकानातून जाताजाता मशीनला धरून थांबली. फरशीवर पाणी. दोन आठवडे आधीच.

"आठ वाजलेत का?" तिने विचारलं.

"अगं, आठ काय घेऊन बसलीस, चल!"

"आई, आठ वाजलेत का?"

सात वाजून पन्नास मिनिटं झाली होती. तिने पिशवीतून बाटली काढली, कळ येत असतानाच तळहात पुढे केला. माझा चष्मा घामाने घसरत होता. मी वाचलं. तिने गिळली. मग आम्ही निघालो.

रिपोर्ट हातात नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, "विषाणू किती आहे हे माहीत नसताना मी जोखीम घेणार नाही. ऑपरेशन करू. जन्मताना बाळाचा आईच्या रक्ताशी संबंध जितका कमी येईल तितका बरा." दुपारी मुलगी झाली. माझा मुलगा पोचला तेव्हा ती कापडात गुंडाळलेली होती, नाक थेट त्याचं. त्याने तिला घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही. बाळाला लगेच दोन औषधं सुरू झाली, पातळ, तोंडाने द्यायची. दूध वरचंच द्यायचं ठरलं. तिथल्या नर्सने बाळाला उघड्या हातांनी उचललं, पुसलं, पापा घेतला. मी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलगा रिपोर्टची चौकशी करायला गेला होता. सून पाठीवर पडलेली, हाताला सलाईन, टाके ओढत होते. बाळाच्या औषधाची वेळ आठची. नर्स बाटल्या आणि बिनसुईची छोटी पिचकारी ठेवून गेली, येते म्हणाली, आणि शेजारच्या खोलीत कुणाची तरी धावपळ सुरू झाली, ती तिकडेच अडकली. आठ वाजले. सुनेने उठायचा प्रयत्न केला. चेहरा पांढरा पडला. ती परत आडवी झाली.

"आई, तुम्ही द्या."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. "मी? नको. नर्सला बोलावते."

"आठ वाजलेत."

"पोरी, माझ्यावर... मी काय केलंय माहीत असून..."

"चष्मा लावा," ती म्हणाली.

पस्तीस वर्षं मी सुईत दोरा एका फटक्यात ओवतेय. त्या सकाळी पिचकारीचं टोक बाटलीच्या तोंडात जाईना. बाटलीवरचं नाव मी मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. तिने कागद बघून मान हलवली. नर्सने पेनाने जिथे खूण केली होती त्या रेघेपर्यंत औषध ओढलं, ते थोडं वर गेलं, परत खाली केलं, आत बुडबुडा आला, सगळं परत बाटलीत सोडलं आणि नव्याने भरलं. पिचकारी तिच्या डोळ्यांसमोर धरली. ती म्हणाली, "बरोबर." मग बाळाच्या गालाच्या आत टोक सरकवलं आणि थेंब थेंब सोडलं. बाळाने तोंड वाकडं केलं, थांबलं, गिळलं. ओठाच्या कडेला एक थेंब आला. तो बाहेर आलेला की आत जाणारा, हे मला कळेना. मी बोटाने तो परत आत लोटला. मग दुसरी बाटली. पुन्हा नाव, पुन्हा रेघ. संपलं तेव्हा माझा परकर घामाने चिकटला होता आणि मी हुंदके देत होते. सून डोळे मिटून पडली होती. तिचाही गाल ओला होता.

रिपोर्ट एक दिवस आधीच, त्या दुपारी आला. विषाणू खूप खाली उतरला होता. गोळीला दाद देत होता. पण अगदी नाहीसा झाला नव्हता, आणि बाळ पोटात असताना मधल्या दिवसांत काय झालं असेल ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते कळायला सहा आठवडे थांबायचं होतं. तोवर रोज औषधं. ती मीच दिली, घरी आल्यावरही. सून कागद बघायची, मी नाव वाचायचे.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन एका कागदावर थेंब सुकवले. निकालाला आणखी पंधरा दिवस. बाळ शिंकलं की माझा जीव गोळा. जास्त झोपलं की भीती, कमी झोपलं की भीती. अंगावर पुरळ आलं तर मी दुकान उघडं टाकून दवाखान्यात धावले, ते घामोळं निघालं. मुलगा रविवारी यायचा, माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

निकालाच्या दिवशी आम्ही चौघं त्या हिरव्या भिंतीपाशी बसलो होतो. मी तोंडावर पदर घेतला नव्हता. खिडकीवरच्या ताईंनी आम्हाला आत बोलावलं, कागद उघडला आणि म्हणाल्या, "बाळाच्या रक्तात विषाणू सापडलेला नाही."

मुलाने तोंड ओंजळीत झाकलं. सून हलली नाही. तिने तो कागद ताईंच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"आई, तुम्ही वाचा."

मी चष्मा लावला. बाळाचा नंबर, तारीख, आईचा नंबर, तपासणीचं नाव, एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. शेवटी, "सापडला नाही." मग न सांगता पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ताई म्हणाल्या, अजून दोनदा तपासायचंय, शेवटची तपासणी अठराव्या महिन्याला, तोवर पाळायचं. मी मान हलवली. तोवर माझी झोप अशीच राहणार होती आणि ते योग्यच होतं.

बाहेर येताना तीन पायऱ्या आहेत. सुनेच्या खांद्यावर बाळ होतं. मी कठड्याला धरून एक पाय खाली ठेवला आणि नकळत कण्हले. ती थांबली.

"गुडघे कसे आहेत तुमचे?"

जवळजवळ तीन महिन्यांनी तिने माझी चौकशी केली होती.

"दुखतात गं," मी म्हणाले.

"वाटेत कॅल्शियम घेऊ. तुमच्या नावाची वेगळी बाटली करू."

"नको," मी म्हणाले. "दुखू देत."

तिने बाळ उजव्या खांद्यावर घेतलं आणि मला धरायला डावा हात पुढे केला.